तेरा पावलांचा फेरा

बसा. मांडी घालायलाच हवी असं काही नाही, जसं जमेल तसं बसा. आणि कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढं या गोष्टीत हसणारी माणसं येणार आहेत, त्यांचं काय झालं ते ऐकलंत की तुमचं हसू आपोआप जाईल.

फार वर्षांपूर्वी, शिळवण्याला सडक नव्हती, ओढ्यावर पूल नव्हता आणि शाळा देवळामागच्या कौलारू पडवीत भरायची, तेव्हा या गावात हौसा वस्ताद राहत होती. बाई आणि वस्ताद म्हणून भुवया उडवू नका. तिचा बाप राणू हा आपल्या तालमीचा वस्ताद. तरुणपणी तो पलटणीत होता, तिथंच लिहायला-वाचायला शिकला. त्याला हौसा ही एकच लेक. त्यानं तिच्या हातात काठी दिली, आणि काठीच्याच टोकानं लाल मातीत तिला अक्षरं गिरवायला शिकवलं. राणू गेला तेव्हा तालीम कुणी चालवायची यावर गावात चार दिवस काथ्याकूट झाला. मग हौसा काठी घेऊन तालमीच्या हौद्यात, लाल मातीत उतरली आणि ज्याला वस्ताद व्हायचंय त्यानं समोर यावं म्हणाली. सात जण आले. सातही जण कपडे झटकत घरी गेले.

ती काठी फिरवायला लागली की पावसाचा थेंब तिच्या अंगावर पडायचा नाही, असं म्हणतात. ते खरं की खोटं मला ठाऊक नाही. पण तिचा एक नियम मात्र अगदी खरा. तिच्या तालमीत वार कितीही जोरात करा, तो समोरच्याच्या अंगापासून चार बोटं अलीकडं थांबला पाहिजे. ज्याचा वार थांबत नाही त्याला काठी येत नाही, असं ती म्हणायची. चाळीस वर्षांत तिची काठी एकाही पोराला लागली नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आता शाळेचं ऐका. शाळेत एक मास्तर होता. त्याचं नाव मला माहीत आहे, पण मी घेणार नाही. गावानं ते नाव टाकलंय आणि ते टाकलेलंच बरं. गावाच्या खालच्या अंगाला दगडाची खाण, आणि खाणीजवळ वडारवस्ती. त्या वर्षी वरून हुकूम आला की वस्तीतल्या पोरांचीही नावं शाळेत घाला. मास्तरानं नाक मुरडत बावीस नावं घातली आणि पोरांना पडवीबाहेर, पायरीखाली बसवलं. तिथून फळा दिसत नव्हता. आतून आवाज यायचा तेवढाच. त्यात पोरांच्या घरी बोलायचे वडारी, मराठी त्यांना खाणीवरच्या मुकादमाच्या शिव्यांपुरतीच ठाऊक. सांगा, काय शिकणार ती? आणि गाव काय करत होतं? गाव बघत होतं. आपलेच आजे-पणजे ते, मूग गिळून बसलेले.

त्या बावीस जणांत हणमी नावाची नऊ वर्षांची पोर होती. दुर्गाप्पा पाथरवटाची लेक. एके दिवशी मास्तरानं तिला उभं केलं आणि तेराचा पाढा विचारला. कधी फळ्यावर न पाहिलेला, कधी नीट कानावर न पडलेला. मास्तरानं तिला उजवा हात पुढं करायला लावला आणि छडीनं बोटांवर मारलं. तेरापर्यंत मोजत मारलं, असं म्हणतात. पाढा असा शिकवतात, असंही वर म्हणाला. वर्गातली पोरं हसली.

दुपारी हणमी ओढ्यावर हात पाण्यात बुडवून बसली होती. हौसा तिथं धुणं धूत होती. तिनं पोरीचा हात पाण्यातून वर काढला आणि बघितला. दोन बोटं सुजून वाकडी झाली होती. हौसानं आयुष्यभर हात बघितले होते, कुठला हात काठी धरेल आणि कुठला धरणार नाही हे तिला बघताक्षणी कळायचं. हा हात आता काठी धरणार नाही हे तिला कळलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धुणं तिथंच टाकून, ओल्या लुगड्यानिशी ती घरी गेली, बापाची मानवेल बांबूची काठी घेतली आणि तडक शाळेत.

मास्तर खुर्चीत बसला होता. हौसा पायरी चढून आत गेली, काठी डोक्यावरून फिरवली आणि वार केला. पोरांनी डोळे मिटले. काठी मास्तराच्या कपाळापासून चार बोटांवर थांबली. ती थांबवताना हौसाच्या खांद्याची शीर तटतटून वर आली होती, असं म्हणतात. सात गड्यांना हरवताना जेवढं बळ लागलं नव्हतं तेवढं तिला त्या चार बोटांसाठी लागलं.

"आमाला थांबायला शिकवलंय मास्तर," ती म्हणाली. "तुमाला कुणी शिकवलं न्हाई."

मास्तराची पाचावर धारण बसली होती. पण पडवीत पोरं बघत होती, बाहेर देवळातली चार माणसं गोळा झाली होती, त्यामुळं त्याला अब्रू सांभाळणं भाग होतं. तो म्हणाला की ही दगडाची पोरं, दगडच राहणार. मार्गशीर्षात दिपोटी येणार आहे. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. त्याच्यासमोर ज्याला तेरापर्यंतचे पाढे येणार नाहीत त्याचं नाव हजेरीतून जाईल. बावीसच्या बावीस नावं मी त्याच्यादेखत काटणार, आणि मग ती पोरं खाणीवर जातील, तिथंच त्यांची जागा आहे.

हौसानं काठी खांद्यावर घेतली. "बावीसच्या बावीस पाढे म्हनतील," ती म्हणाली. "न्हाई म्हनले तर ही बापाची काठी मी माझ्या हातानं चुलीत घालीन."

देवळातल्या माणसांनी ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं बावीस पोरांना तालमीत आणलं. गावच्या पैलवानांनी तोंड वाकडं केलं. वडाराच्या पोरांचे पाय आपल्या मातीत? ज्या मातीत आपण तेल, ताक, हळद घालतो त्या मातीत? पाटलानं निरोप धाडला की हे बरं दिसत नाही. हौसानं निरोप्याला सांगितलं की या मातीत जो उतरतो आणि चिमूटभर कपाळाला लावतो तो राणू वस्तादाचा शिष्य होतो, माझ्या बापाची रीत आहे, पाटलाच्या बापाची दुसरी रीत असली तर त्यांनी येऊन सांगावी. त्या दिवसापासून पैलवान तालमीत यायचे थांबले. हौसाला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही. त्यातले निम्मे तिनंच वाढवले होते. पण ती कुणाच्या दारी गेली नाही.

मग तिनं शिकवायला घेतलं. तिला एकच शिकवता येत होतं, आणि तेच ती शिकवत राहिली. काठीच्या फेऱ्यात पावलं मोजलेली असतात. सात पावलांचा फेरा, नऊ पावलांचा फेरा, आणि सगळ्यांत अवघड तिच्या बापाचा तेरा पावलांचा. एक फेरा संपला की पाय आपटायचा आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा. तेरा. दुसरा फेरा, सव्वीस. तिसरा, एकोणचाळीस. पोरं तोंडानं चुकायची, पण पाय चुकत नव्हते, कारण पाय चुकला की शेजारच्याची काठी आडवी यायची. पाव गिरकी घेतली की पूर्वेचं तोंड दक्षिणेला, अर्धी घेतली की पश्चिमेला, पाऊण घेतली की उत्तरेला. अशा पावकी, निमकी, पाऊणकी आणि चारी दिशा त्यांच्या अंगात एकदमच उतरल्या. मातीत काठीनं नदी काढायची आणि तिचं नाव घेऊन उडी मारायची, त्यातून नद्या आल्या. अक्षरं तर काठीचेच वार. वरून खाली एक, आडवा एक, वळसा एक.

हणमीच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडीच राहिली. हौसानं तिला डाव्या हातानं काठी धरायला शिकवलं. पहिले पंधरा दिवस काठी सारखी गळून पडायची आणि पोर रडायची. हौसा तिच्यावर चिडायची नाही. पण रोज त्या हाताकडं बघितलं की मास्तरावरचा तिचा राग नव्यानं तापायचा, आणि तो राग ती शिकवण्यात घालायची. मार्गशीर्ष लागेपर्यंत बावीस पोरं फेऱ्यावर पाढे म्हणायला लागली होती. त्यांचे पाय एका वेळी आपटले की खाणीत दगड आपोआप सुटे व्हायचे, असं म्हणतात.

आणि एवढं सगळं करून तिच्या हातून एक चूक झाली. तालमीत वाढलेल्या माणसाच्याच हातून व्हावी अशी चूक. तिनं त्या पोरांना बसून काहीच शिकवलं नव्हतं. तिच्या तालमीत बसायचं ते दमल्यावर. शाळा बसून असते हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

दिपोटी घोड्यावरून आला. सगळं गाव पडवीसमोर जमलं. पाटील पुढं, पैलवान मागं, बाया देवळाच्या कट्ट्यावर. बावीस पोरं काठ्या घेऊन आली. मास्तर म्हणाला, ही शाळा आहे, काठ्या बाहेर ठेवा. पोरांनी काठ्या पायरीशी ठेवल्या. मग दिपोटीदेखत त्यांना आत घेऊन म्हणाला, मांडी घाला, हाताची घडी, हलायचं नाही. पोरांनी हाताची घडी घातली. हौसा पायरीखाली उभी होती. पोरांचे बांधलेले हात तिनं बघितले आणि आपण काय विसरलो ते तिला तेव्हा उमजलं.

दिपोटीनं हणमीला विचारलं, तेरा सत्ते किती. हणमीचे ओठ हलले, शब्द आला नाही. दिपोटीनं दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळ्यांची दातखीळ बसलेली. ज्या पायांत पाढा होता ते पाय मांडीखाली दुमडलेले होते. मास्तर हसला. मग पाटील हसला. पाटील हसला म्हणून पैलवान हसले, पैलवान हसले म्हणून कट्ट्यावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. वस्ताद बाई, चूल पेटवून ठेव, असं कुणीतरी मागून ओरडलं. त्या पोरांचे आईबाप लांब चिंचेखाली उभे होते, तेवढे हसले नाहीत. बाकी सगळं गाव हसलं. आपल्याला हसायला काही वेळ लागला नाही.

मास्तरानं हजेरी उघडली आणि टाक दौतीत बुडवला.

हौसाच्या अंगाची लाही लाही झाली. राग मास्तराचा होता, गावाचा होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा होता. आत धावून जावं आणि या वेळी चार बोटं अलीकडं थांबू नये, असं तिच्या मनात आलं. हात वरही गेला. पण चाळीस वर्षांची सवय, हात माणसावर आला नाही. तो खाली आला. तिनं काठी पायरीच्या दगडावर एकदाच, सगळं बळ लावून आपटली.

तालमीत काठी अशी आपटली की फेरा सुरू होतो. पोरांना कुणी ऊठ म्हणालं नाही. बावीसच्या बावीस पोरं एका दमात उभी राहिली. हाताच्या घड्या सुटल्या. हातात काठ्या नव्हत्या, तरी काठ्या असल्यासारखे हात फिरले आणि पाय पडायला लागले. तेरा पावलं, आणि पाय आपटला. तेरा! पुन्हा तेरा पावलं. सव्वीस! शेणानं सारवलेल्या जमिनीतून धूळ उठली. एकोणचाळीस! बावन्न! कौलं खडखडायला लागली. पासष्ट! दौत उडाली आणि सगळी शाई हजेरीवर सांडली, एक नाव काटायला जागा उरली नाही. अठ्ठ्याहत्तर! देवळाची घंटा कुणी न हलवता वाजली, असं म्हणतात. आणि सातव्या फेऱ्याला हणमी दिपोटीच्या समोर येऊन थांबली आणि म्हणाली, "तेरा सत्ते एक्याण्णव."

कुणी हसत नव्हतं आता.

पण दिपोटी हाडाचा मास्तर होता. पोपटपंची आहे की काय ते त्याला बघायचं होतं. तो म्हणाला, पाढ्यात नसलेलं विचारतो, तेरा सतरं किती. पोरांनी आणखी दहा फेरे घेतले आणि दोनशे एकवीसवर पाय आपटला. मग त्यानं बाहेरच्या कडुलिंबाकडं बोट दाखवलं, त्याची उंची किती, वर न चढता सांगा. हणमीनं पायरीवरची आपली चार हाताची काठी डाव्या हातानं उचलली, उन्हात उभी धरली, सावली मोजली. तीन हात भरली. मग लिंबाची सावली मोजली, ती अठरा हात भरली. पोर क्षणभर पाय हलवत उभी राहिली आणि चोवीस हात म्हणाली. दिपोटीनं एका गड्याला दोर घेऊन लिंबावर चढवलं. चोवीस हात भरला, वर एक वीत.

दिपोटी घोड्यावरून उतरताना साहेब होता. हणमीचा उजवा हात हातात घेऊन हे कुणी केलं असं विचारताना तो साहेब राहिला नव्हता, असं म्हणतात. त्यानं नवी हजेरी मागवली आणि बावीस नावं स्वतःच्या हातानं लिहिली. मास्तराची छडी काढून घेतली. मास्तर त्या आठवड्यात गाव सोडून गेला. तो कुठं गेला हे कुणी विचारलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर गावाला फार बरं वाटलं असतं. गाव लगेच नारळ आणि हार घेऊन हौसाच्या दारी गेलं. पुढं पाटील, मागं पैलवान, वाजंत्री लावलेली. हौसानं हार घेतला नाही. ती उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "मास्तर परका होता. तुमी का हसलात?"

तिनं दार लावून घेतलं आणि तालमीलाही कुलूप लावलं. बावीस पोरांसाठी कुलूप निघायचं, गावासाठी नाही. जत्रा जवळ आली, शिळवण्याचे पैलवान मातीवाचून गंजले. मध्यस्थ आले, मानाची माणसं आली. हौसा म्हणाली की जो जो हसला त्यानं तालमीत यायचं, पोरांसमोर तेरा पावलांचा फेरा घ्यायचा आणि पाढा म्हणायचा, मग कुलूप निघेल. लोक चिडले, हट्टी बाई म्हणाले. तिनं ऐकलं नाही. पहिली आली ती कट्ट्यावरची एक म्हातारी, दारात उभी राहून हुंदके देत. मग एकेक करत बाकीचे. सगळ्यांत शेवटी पाटील आला.

साठीचा पाटील धोतर खोचून लाल मातीत उतरला. कठड्यावर बावीस पोरं बसली होती. हौसानं त्यांना सांगितलं, "हसा. तुमचा हक हाय." पाटलानं फेरा घेतला. तेरा म्हणाला, सव्वीस म्हणाला, आणि पुढं पाय अडखळला. तो मातीत तसाच उभा राहिला, घामानं निथळत, हात लोंबकळत. आता हशा येणार म्हणून त्यानं मान खाली घातली. हशा आला नाही. हणमी कठड्यावरून उतरली, त्याच्या शेजारी उभी राहिली आणि पावलं टाकायला लागली. पाटलानं तिच्या पावलांत पाऊल टाकलं. एकोणचाळीस, ती म्हणाली. एकोणचाळीस, तो म्हणाला. एकशे तीस होईपर्यंत त्याचा सगळा चेहरा ओला झाला होता. त्या दिवशी तालमीचं कुलूप निघालं.

हौसा पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि तिच्यामागं हणमी वस्ताद झाली. पाटलाच्या घरचं पाणी हौसा शेवटपर्यंत प्यायली नाही, एवढं मात्र खरं. गावाला माफ केलंस का, असं मरताना कुणीतरी विचारलं तर तिनं मान भिंतीकडं वळवली, असं म्हणतात. आपण उगाच गोड करून सांगू नये.

शाळेची पडवी आता राहिली नाही, पक्की इमारत झाली. पण पायरीचा तो दगड तसाच ठेवलाय. त्याला काठीच्या टोकाएवढी खळी आहे. नवीन गुरुजी किंवा बाई रुजू होतात तेव्हा पहिल्या दिवशी त्या खळीत तालमीची लाल माती भरतात, आणि गुरुजींनी ती चिमूटभर कपाळाला लावल्याशिवाय आत जायचं नाही. शिळवण्याच्या शाळेत छडी नसते. कुणी आणली तर पोरं ती हातात मागून घेतात आणि परत देत नाहीत.

आणि मार्गशीर्षात, दिपोटी आला होता त्या दिवशी, गावातली सगळी मोठी माणसं तालमीत उतरतात. सरपंच, सोसायटीचा चेअरमन, मुंबई-पुण्याहून आलेले, सुना, म्हाताऱ्या, सगळे. तेरा पावलांचा फेरा घ्यायचा आणि पाढा म्हणायचा. पोरं कठड्यावर बसतात. त्या दिवशी पोरांना हसायची पूर्ण मोकळीक असते, चुकणाऱ्याला बघून पोट धरून हसलं तरी कुणी रागवत नाही. माणसं चुकतातही. एकोणचाळीसला तर हमखास चुकतात.

इतकी वर्षं झाली. आजवर एकही पोर हसलेलं नाही.